दौलतकाकांचं उभं बोट

आमचे दौलतकाका ज्वारीत शिरणाऱ्या रानडुकरांना आधी कळवायचे आणि मग बंदूक काढायचे. खरं तर बंदूक काढायची वेळ कधी आलीच नाही, कारण कळवण्यातच हंगाम संपायचा. दिवस मावळायच्या आधी काका ओढ्याच्या काठी उभे राहत, खांद्यावर बंदुकीची खाकी खोळ, तोंडापुढे दोन्ही हातांचा भोंगा, आणि पलीकडच्या झाडोऱ्याकडे बघून ओरडत, "ऐकून राह्यले का? उद्या सांजेपर्यंत मोहलत हाय. मंग म्हणू नका दौलतरावानं सांगितलं न्हाई!" पलीकडून उत्तर येत नसे. मग काका आमच्याकडे वळून गंभीरपणे म्हणत, "इत्तला गेली." डुकरं त्या मोहलतीचा पुरेपूर फायदा घेऊन ज्वारी खात, आणि दुसऱ्या दिवशी काका मुदत वाढवून देत.

दौलतकाका माझे सख्खे थोरले चुलते. परतूरहून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की आमचं गाव लागतं. मी तिथला शेतकरी आहे, पण फक्त सातबाऱ्यावर. पोटापाण्यासाठी नवीन जालन्यात एका बँकेत कारकुनी करतो, जमीन बटईनं दिलेली आहे, आणि वर्षातून दोनदा गावी जाऊन धुऱ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या बांधावर, कमरेवर हात ठेवून उभा राहतो. यालाच मी शेती बघणं म्हणतो. गावात मला 'जालन्याचे साहेब' म्हणतात. ते ज्या सुरात म्हणतात तो ऐकला तर कुणाला माझा हेवा वाटणार नाही.

सगळ्या गावात परवान्याची बंदूक एकच, आणि ती काकांची. पिकाच्या राखणीसाठी घेतलेली. मधल्या खोलीत खुंटीला ती खोळीत टांगलेली असे, खोळीचं तोंड नाडीनं घट्ट बांधलेलं. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. त्या दिवशी काका धुतलेलं धोतर नेसून, खोळ खांद्याला लावून एस.टी.त चढत आणि कंडक्टर न सांगता त्यांना पुढची जागा देई. कुणाची वरात निघाली की पोरं मागं लागत, "काका, हवेत एक बार काढा की!" काका म्हणत, "खुशी ही काय सबब हाय? खुशीला हलगी वाजवा." ती बंदूक उडालेली मी कधी ऐकली नाही, पण तिच्या भरवशावर माझं बालपण ऐटीत गेलं. शाळेत कुणी मारायला आलं की मी सांगायचो, आमच्या काकांकडे बंदूक आहे. पोरं तरीही मारायची, पण जरा जपून.

माझे बाबा काकांचे धाकटे भाऊ. वाटणीनंतर दोघांचं बोलणं काही वर्षं बंद होतं. मी जालन्याला वसतिगृहात राहून शिकत होतो. एका उन्हाळ्यात सुट्टीला आलो तर दोघं भाऊ एकाच बाजेवर बसून पानाचा डबा उघडत होते. त्याच उन्हाळ्यात बाबा अनवाणी फिरायचे. मी विचारलं तर आई म्हणाली, काही नवस बोलले असतील. मला परीक्षेच्या निकालाची चिंता होती, त्यामुळे तो नवस माझ्यासाठीच असेल असं मी धरून चाललो. आता बाबाही नाहीत आणि आईही. काकांना मूलबाळ नव्हतं, आणि काकू तर त्याआधीच गेलेल्या.

काकांचं शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, उर्दूतून. रेडिओवर ते मराठी बातम्या ऐकत, मग उर्दू बातम्या ऐकत, आणि दोन्हींचा मेळ बसला तरच विश्वास ठेवत. जगात कुठंही फौज हलली की त्यांचा उजवा हात गुडघ्यावर येई आणि बोटं मोकळी होत. फौज कधी वापरावी आणि कधी वापरू नये, याचा त्यांचा सगळा कायदा त्या एका हातावर मावत असे.

"पह्यलं बोट सबब," तर्जनी धरून ते सांगत. "कारण खरं पाह्यजे. कुणी अंगावर चालून आला तर खरं. आपल्याला त्याची विहीर आवडली म्हणून न्हाई. दुसरं बोट इत्तला. आधी सांगायचं, मोहलत द्यायची. तिसरं इलाज. बोलणी करा, पंच घाला, देणंघेणं बंद करा, समदे इलाज थकू द्या. अन् ही करंगळी म्हंजे माप. त्यानं आपली काडी मोडली म्हणून आपण त्याचं घर पाडायचं न्हाई. मिटली चारी बोटं. झाली का मूठ?"

ऐकणारा हमखास म्हणायचा, "झाली."

"कुठं झाली? अंगठा बाहीर हाय ना! अंगठा पंचांचा. तो आपला आपण मिटायचा न्हाई."

पंच म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ. काका त्याला 'मोठी पंचायत' म्हणत आणि तिथल्या नकाराधिकारवाल्या पाच देशांना 'पाच पाटील'. "एका पाटलानं मान हालवली का पंचायत उठली. मंग समदे चहा पिऊन घरी," असं त्यांचं मत. तरी ती पंचायत मोडावी असं त्यांना कधी वाटलं नाही. "मोडकी का असंना, पंचायत पाह्यजे. न्हाई तर ज्याचा बैल आडदांड, त्याचंच शेत."

या कायद्यातून त्यांनी कुणालाच सोडलं नाही. हैदराबाद संस्थानात फौज आली तेव्हा ते तरणेताठे होते. त्याला आमच्याकडे अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. काका म्हणत, "आपण सुटलो ते त्यांच्यामुळंच, ते बिलकुल खरं. पण रणगाडा घेऊन आलेला पोलीस कुणी पाह्यलाय का? नाव बदललं का बोटं मोजावी लागत न्हाईत, म्हणून नाव बदलतेत." पुढं आपली शांतिसेना श्रीलंकेला गेली तेव्हा गावातल्या हॉटेलात सगळ्यांनी छाती फुगवली. काकांनी दोन दिवस बोटं उलटसुलट केली आणि म्हणाले, "बोलावल्यावर गेले, बराबर हाय. पण पाव्हण्यानं किती दिस ऱ्हायाचं ते निघताना ठरवावं." त्यावर हॉटेलात शांतता पसरली, कारण तिथं बसलेल्यांपैकी निम्मे तरी सकाळपासून पाहुणे होते.

आता गावात बंदूक एकच म्हटल्यावर ज्याचं डोकं फिरेल तो काकांकडे येणारच. कुणाला आठवडी बाजारात कुणी चारचौघांत ढकललेलं असे, कुणाच्या कडब्याच्या गंजीत कुणाची म्हैस शिरलेली असे. माणूस दारातूनच ओरडत येई, "काका, आज बंदूक काढाच!" काका म्हणत, "काढू की. बस. पह्यले सबब सांग." सबब सांगता सांगता चहा होई. इत्तला देण्यावर चर्चा होई तोवर बातम्या लागत. मग त्या बातम्यांतल्या लढाईची मोजणी निघे. तिसऱ्या बोटापर्यंत पोचता पोचता माणसाला आठवे की घरी म्हशीची धार काढायची आहे. तो उठला की काका हात वर करून दाखवत. "थांब म्हणलं तर थांबला न्हाईस. अजून दोन बोटं उभी हायेत!" माणूस म्हणे, "असू द्या काका, उद्या मिटवू."

मी जालन्यात मित्रांना हे किस्से रंगवून सांगायचो आणि हसायचो. मग माझ्यावरच वेळ आली.

ज्या वर्षी इराकनं कुवेत गिळला, त्याच वर्षी रंगनाथनं माझा धुरा गिळला. रंगनाथ आमच्या भावकीतला, माझ्याच वयाचा, माझ्या शेताला लागून त्याचं शेत. आमच्याकडे धुरा एकदम कुणी नेत नाही. दर नांगरटीला थोडा थोडा कोरतात. बाबांच्या काळात त्या धुऱ्यावरून बैलगाडी जायची. दसऱ्याला मी जाऊन पाहिलं तर त्यावरून एखादी शेळी गेली असती, तीही जपून. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, तर एक पाय माझ्या शेतात आणि एक रंगनाथच्या, अशी माझी अवस्था झाली.

मी तडक काकांकडे गेलो. त्यांना पटेल असाच मुद्दा मी वाटेत तयार केला होता. म्हटलं, "काका, रंगनाथ इराक आणि मी कुवेत."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कुवेतात तेल हाय. तुझ्या शेतात काय हाय?"

"हरळी," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

तरी त्यांनी मोजणी सुरू केली. इत्तला दे म्हणाले, म्हणून मी ताठ मानेनं रंगनाथच्या घरी गेलो. तो घरी नव्हता. त्याच्या बायकोनं मला धपाटे आणि दही वाढलं. भरल्या पोटी निर्वाणीचा इशारा देणं मला जमेना, म्हणून परत आलो आणि आमच्या बटईदाराच्या हाती निरोप ठेवला. इलाज कर म्हणाले, म्हणून मी रंगनाथवर निर्बंध लादले, म्हणजे त्याच्याशी बोलणं बंद केलं. मग जालन्याला येऊन रोज पेपर वाचू लागलो. मोठ्या पंचायतीनं इराकला मुदत दिली, पंधरा जानेवारी. मीही रंगनाथला मनातल्या मनात तीच मुदत दिली आणि एका रविवारी, शेताकडे न फिरकता, काकांना भेटून तसं सांगितलं.

काकांनी पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि हादरलेच. "अरे, ही तर कर हाय!"

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी आमच्याकडे कुणी चांगल्या कामाला हात घालत नाही, नवं भांडणसुद्धा काढत नाही. काकांना मोठ्या पंचायतीचा एवढा राग आलेला मी कधी पाहिला नव्हता. "एवढे पाच पाटील, एवढे देश, अन् एक बी पंचांग पाह्यणारा न्हाई? संक्रांतीला म्हणायचं गोड बोला, अन् करीला म्हणायचं मारा?" मी म्हणालो, "काका, जगानं ठरवलंय. आता मागे हटलो तर कुवेताची काय इभ्रत राहील?" त्यांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "ये मंग करीला. बूट घालून येऊ नको. रंगनाथचं गव्हाला पाणी चालू असतंय."

मी बूट घालूनच गेलो. बँकेत घरगुती काम असं सांगून रजा काढली होती. निघताना बायकोनं पिशवीत तिळगुळाचा डबा टाकला. "लढायला चालला आहात तर जाता जाता रंगनाथभाऊजींच्या घरी द्या," ती म्हणाली. "मागच्या वेळचे धपाटे फुकट खाल्लेत." माझ्या मोहिमेकडे घरात कुणी याहून गांभीर्यानं पाहिलं नाही.

काका पुढं, खांद्यावर खोळ. मागं मी, हातात तिळगूळ. रंगनाथ खरंच गव्हाला पाणी देत होता. पाटाचं पाणी वाटेवर आलं होतं आणि काळ्या मातीचं लोणी झालं होतं. त्या मातीनं आधी माझा डावा बूट ठेवून घेतला. तो काढायला वाकलो तर उजवाही गेला. काका काही थांबेनात. शेवटी दोन्ही बूट रणांगणावर सोडून, मोजे खिशात घालून, मी अनवाणी धुऱ्यावर पोचलो. बाकी अंगावर बँकेचा इस्त्रीचा शर्ट होता.

"या काका," हातातलं फावडं मातीत रोवत रंगनाथ म्हणाला. "वसंता, तू बी आलास? सुट्टी हाय का?"

माझं बोलणं बंद होतं, म्हणून मी आभाळाकडे पाहिलं. काका धुऱ्यावर बसले, खोळ मांडीवर आडवी घेतली, उजवा हात गुडघ्यावर ठेवला.

"सबब?"

"यानं धुरा कोरला," मी म्हणालो.

"कोरला का रे?"

"बैल जरा आत गेल्ते काका," रंगनाथ म्हणाला.

"बैलाचं नाव कामून घेतो? कोरला." तर्जनी मिटली. "इत्तला?"

"बटईदाराकडे निरोप दिला होता."

"आल्ता निरोप," रंगनाथ म्हणाला. "साहेब नाराज हायेत म्हणला. मला वाटलं बँकेवर नाराज असतील."

काकांनी विचार केला. "पोचली ती पोचली." दुसरं बोट मिटलं. "इलाज?"

"मी याच्याशी बोलणं बंद केलं."

"कधी?" रंगनाथनं खरोखर चकित होऊन विचारलं.

"दसऱ्यापासून."

"अरे, दसऱ्याला गेलास तो आज उगवलास! बोलणं बंद हाय ते मला कसं कळावं?" आणि मग त्याचाही आवाज चढला. "वर्षात दोनदा यायचं, कमरेवर हात ठेवायचे अन् आम्हाला इराक म्हणायचं? तुझ्या हरळीचं बी माझ्या गव्हात येतंय, ते कुणी मोजायचं? जा, न्हाई भरून देत धुरा. काय करायचं ते कर." त्यानं रोवलेलं फावडं उपसलं.

"इलाज थकला," काका शांतपणे म्हणाले आणि तिसरं बोट मिटलं.

आजवर त्या हाताचं तिसरं बोट मिटलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. समोर रंगनाथ, त्याच्या हातात फावडं. बाजूला काका, मांडीवर बंदूक. मध्ये मी, खिशात मोजे. या दोघांपैकी कुणाला काही झालं तर मी जालन्याला कुठल्या तोंडानं परत जाणार होतो?

"माप," काका म्हणाले. "किती जमीन गेली?"

"हातभर," माझ्या तोंडून निघालं.

"हातभराला किती छर्रे लागतील?"

"काका, नुसती दाखवा. काढू नका."

"दाखवायला काढलेली उडती, वसंता. मी पाह्यलंय." करंगळी हळूहळू वाकायला लागली. आयुष्यात कुठल्या करंगळीकडे मी इतक्या आशेनं पाहिलं नसेल. अख्खा कुवेत रंगनाथला देऊन टाकावा असं वाटत होतं, पण कुवेताची इभ्रत आड येत होती. रंगनाथ फावडं घेऊन दोन पावलं पुढं आला. मग थांबला. त्याची नजर खाली गेली.

"अरे, पायात काय न्हाई तुझ्या?" तो म्हणाला. "समदे बाभळीचे काटे पडलेत हितं. सरक, इकडं ये. हितं ये, ओल्यात."

आणि त्यानं माझा दंड धरून मला त्याच्या शेतात ओढलं.

काकांचा हात गुडघ्यावरच उघडला. पाचही बोटं मोकळी झाली. ते रंगनाथकडे बघत राहिले. "काय म्हणलास? परत म्हण."

"काटे हायेत म्हणलं काका."

काकांनी खोळीची नाडी सोडायला घेतली. गाठ जुनी होती, दातानं सोडवावी लागली. खोळ तिरपी केली तसं आतून वखराचं जुनं रुमणं बाहेर आलं. नुसता लाकडी दांडा. मी आ वासून बघत होतो. रंगनाथ मात्र तोंड फिरवून गव्हाकडे बघायला लागला. काकांनी खोळीत हात घातला आणि तळातून कापडाची एक वळकटी काढली. तिच्यात चपलांचा जोड होता. टायरच्या तळाच्या, वाळून कडक झालेल्या. डाव्या पट्ट्याला तांब्याच्या तारेचा टाका होता. तो टाका माझ्या बाबांनी घातला होता. घालताना मी शेजारी बसून पक्कड धरली होती.

"वाटणीनंतर मधल्या बाभळीवरून आमचं वाजलं," काका चपलांकडे बघत म्हणाले. "वैशाखाचं ऊन. मी घरातून बंदूक घेऊन निघालो. भरलेली. तवा बोटं न्हवती मोजली मी. समदा हात एका दमात मिटला होता. तुझा बाप ह्याच धुऱ्यावर उभा. त्यानं बंदूक पाह्यली, मला पाह्यलं, अन् म्हणला, दादा, पायात काय न्हाई? भाजत असंल. अन् ह्या काढून माझ्याम्होरं ठेवल्या."

काकांनी डाव्या पट्ट्यावरचा टाका बोटानं चाचपला.

"घातल्या मी. काय करणार? पाय भाजून राह्यले होते. परत द्यायला गेलो तर म्हणला, ऱ्हाऊ दे, मला दुसऱ्या हायेत. न्हवत्या त्याला दुसऱ्या. मला ठावं होतं." त्यांनी चपला माझ्यापुढं ठेवल्या. "घाल. अन् बंदूक मी त्याच हप्त्यात ठाण्यात जमा केली. ती काय परत आणली न्हाई."

ते उठले आणि पाणी प्यायचं निमित्त करून विहिरीकडे गेले. मी चपला घातल्या. बरोबर बसल्या. मला रडू आलं आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

रंगनाथ फावड्यानं चिखलातून माझे बूट उकरायला लागला. मी त्याला विचारलं, "तुला ठाऊक होतं? बंदूक नाही हे?"

"साऱ्या गावाला ठावं हाय," तो म्हणाला. "कंडक्टरलासुदिक ठावं हाय. तूच तेवढा राह्यला होतास. पण चपलांचं मला बी आजच कळलं."

"मग लोक बंदूक मागायला कशाला येतात?"

"मंग काय मागायला जावं?" त्यानं एक बूट बाहेर ओढला. "काकू गेल्या, तुझा बाप गेला. नुसतं भेटायला आलो म्हणलं तर काका म्हणतेत, मला काय झालंय? बंदूक मागितली का बसवून घेतेत. चहा ठेवतेत. बोटं मोजतेत. बोलणं व्हतं. आपलं डोकं थंड व्हतं ते निराळंच." मग जरा ओशाळून म्हणाला, "मी बी दोनदा मागितलीया. एकदा तुझ्यावरच."

मी पिशवीतून तिळगुळाचा डबा काढून त्याच्या चिखलाच्या हातात दिला. त्यानं तो तिथंच उघडला. उन्हाळ्यात दोरी धरून धुरा भरून द्यायचं ठरलं, दोरीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या, आणि मध्ये पंच म्हणून काका.

तिकडं दोन दिवसांनी लढाई सुरू झाली. बँकेत सगळे मॅनेजरच्या खोलीतल्या रेडिओभोवती जमले आणि मला तज्ज्ञ समजून विचारायला लागले, कारण मी चार महिने कुवेताच्या नावानं पेपर पाठ केले होते. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही. माझ्या नोकरीतलं हे बहुधा एकमेव अचूक विधान असावं.

पुढच्या रविवारी चपला परत द्यायला गावी गेलो. बायको म्हणाली होती, ठेवा की, तुमच्या वडिलांच्याच आहेत. मलाही मोह झाला होता. पण त्या काकांच्या होत्या.

काका ओसरीवर रेडिओजवळ बसले होते. हात गुडघ्यावर. तीन बोटं मिटलेली, अंगठाही आत, आणि करंगळी तेवढी उभी.

"सबब बराबर," मला बघून ते म्हणाले. "मोहलत देल्ती. इलाज केले. पंचांनी अंगठा बी दिला. पण माप? रात्रंदिस बॉम्ब टाकून राह्यले. कुणाच्या घरावर पडून राह्यले, कोण सांगतंय?" त्यांनी रेडिओचा कान पिळून आवाज बारीक केला. "ह्या डब्यात कुणाचे पाय दिसत न्हाईत, वसंता."

मी पिशवीतून चपला काढल्या. त्यांनी झटकन हात पुढं केला. "आण इकडं. खोळ हलकी लागून राह्यली." वळकटी करून त्यांनी त्या तळाशी सारल्या, वरून रुमणं घातलं, आणि मी नाडी आवळली. गाठ त्यांनी स्वतः मारली, माझ्या गाठीवर विश्वास नव्हता. खोळ खुंटीला टांगतो न टांगतो तोच अंगणातून कुणीतरी ओरडत आलं. आमच्या गल्लीतला हणमंता होता, धोतराचा सोगा खोचलेला, तोंड लालबुंद.

"काका! आज बंदूक काढाच! लई झालं!"

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी सतरंजी झटकून अंथरली, मांडी घातली आणि पाचही बोटं मोकळी केली.

"काढू की. बस. पह्यले सबब सांग."

हणमंतानं बसता बसता माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खुंटीवरची खोळ सरळ केली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेलो.